मोरजी-आश्वे : काईटसर्फिंगला निघताना वाऱ्याआधी तिथी बघा

वायव्य

गोव्यात काईटसर्फिंग (काईट म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने, बोर्डवर उभं राहून पाण्यावरून धावण्याचा खेळ) शिकायला येणारी मराठी मंडळी वाढली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण बहुतेक जण फोनवर वाऱ्याचं अ‍ॅप उघडतात, दुपारी वाऱ्याचा वेग १२-१४ नॉट (ताशी सागरी मैल) दिसला की बॅग भरतात आणि निघतात. भरती-ओहोटीचं कोष्टक फारसं कुणी उघडत नाही. मोरजीच्या किनाऱ्यावर हे धोक्याचं आहे. म्हणून हा धागा.

आधी जागा समजून घ्या. पेडणे तालुक्यात उत्तरेकडून हरमल, मांद्रे, आश्वे आणि मोरजी अशी पुळण जवळजवळ सलग आहे. अधूनमधून ओहळ आणि खडक आहेत, पण वाळू मुबलक. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते. (दोडामार्गची तिलारी गोव्यात उतरली की तिलाच पुढे शापोरा म्हणतात.) पलीकडच्या काठावर शापोऱ्याचा किल्ला. मोरजीला समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर डावा हात नदीच्या मुखाकडे जातो.

आता वारा. इथला काईटचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल, मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंतही ओढता येतो. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दहा-अकरानंतर तो पडतो आणि सगळं स्तब्ध होतं. जमीन तापली की दुपारी खारा वारा सुरू होतो. सुरुवातीला तो पश्चिमेकडून येतो, मग हळूहळू वायव्येकडे वळतो आणि तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात भरवशाचा असतो. जोर बहुधा १० ते १५ नॉट. म्हणजे वारा समुद्राकडून, उजव्या खांद्यावरून तिरका किनाऱ्याकडे येतो. ही दिशा शिकणाऱ्याला चांगली, कारण काईट पडलं तरी वारा तुम्हाला किनाऱ्याकडेच लोटतो.

पण तो किनाऱ्याकडे लोटता लोटता डावीकडेही लोटतो, आणि डावीकडे नदीचं मुख आहे. नवशिक्याला वाऱ्याच्या वर (वारा येतो त्या बाजूला) चढता येत नाही. प्रत्येक फेरीला तो थोडा थोडा खाली सरकतो. तासाभरात मोरजीतल्या तेंबवाड्यापासून मुखाजवळ कधी पोचला ते त्याला कळतही नाही. त्या वेळी ओहोटी चालू असेल तर नदीचं पाणी सरळ समुद्रात निघालेलं असतं. वारा आत ढकलतोय आणि पाणी बाहेर ओढतंय, अशा जागी काईट पाण्यात पडलं आणि दोऱ्या सैल झाल्या, की ओढ पाण्याची उरते.

आणि ती दुपारची वेळ ओहोटीची असेल की भरतीची, हे चंद्र ठरवतो. वारा रोज दुपारीच येतो; भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. ही दोन वेळापत्रकं एकमेकांवर ठेवून बघितल्याशिवाय मोरजीला बोर्ड पाण्यात टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

---

देवबागकर

वायव्य, बरं केलंत लिहून. आमच्याकडे कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, तिथेही अगदी हाच खेळ. पर्यटक वाळूचा दांडा बघतात आणि त्यांना वाटतं इथे गुडघाभर पाणी. बाजूच्या धारेत पाय टाकला की तळ लागत नाही.

भरतीची वेळ काढायला जुना हिशोब सगळ्यांना ठाऊक असावा म्हणून लिहितो. तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. दुसरी भरती त्यानंतर साडेबारा तासांच्या आत येते आणि दोन भरत्यांच्या मध्यावर पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घरातून निघायचं की नाही हे ठरवायला पुरेसा आहे.

---

सायलीपुणे

वाचनखूण साठवली. देवबागकर दादा, पाऊणपटीचा हिशोब शाळेत भूगोलात होता, नंतर कधी वापरला नाही. मी गेल्या हंगामात काईट नियंत्रणात ठेवायला शिकले, पाण्यातून बॉडी ड्रॅगपर्यंत (बोर्डशिवाय, काईटच्या ओढीने अंग पाण्यातून नेणं) आले. आता बोर्डवर उभं राहायचं आहे. माझ्यासारखीला कुठल्या तिथीला यावं असं तुम्ही सांगाल?

---

वायव्य

देवबागकर, हाच हिशोब हवा होता. सायली, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं झालं. दुपारी दोन ते सहा ही वाऱ्याची वेळ धरा आणि तिथ्या लावून बघा.

पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी साडेपाचच्या आसपास. सगळी दुपार पाणी बाहेर जात असतं. प्रतिपदा, द्वितीया, तृतीया या दिवशी आणखी वाईट. खरं उधाण पौर्णिमेच्या दिवशी नाही, तर एक-दोन दिवस मागाहून येतं, त्यामुळे पाण्याचा चढउतार तेव्हा सगळ्यात मोठा. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी पावणेआठच्या सुमारास. तुमचा अख्खा वेळ जोरदार ओहोटीत जाणार. नवशिक्यांनी हे दिवस सरळ सोडून द्यावेत.

चतुर्थी-पंचमीला भरती तीन-पावणेचारला. वारा चांगला भरलेला असताना पुळण अगदी अरुंद झालेली असते. पाणी वरच्या उतारावर येतं, लाट थेट काठावर फुटते, मागे शॅकच्या खाटा, छत्र्या आणि माड. काईट उडवायला आणि उतरवायला जागाच उरत नाही.

अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे चढउतार सगळ्यात लहान. पाण्याची ओढ कमी, दुपारभर भरती चढत जाते. ठीक आहे, पण सहापर्यंत पुळण आक्रसते.

शिकणाऱ्याला माझ्या मते दशमी ते द्वादशी सगळ्यात चांगली. दशमीला सकाळी साडेसातला भरती, पावणेदोनच्या सुमारास पूर्ण ओहोटी. एकादशीला ओहोटी अडीचच्या आसपास, द्वादशीला सव्वातीनला. म्हणजे तुम्ही वाळूवर पोचता तेव्हा पुळण रुंद आणि ओली-घट्ट असते, कमरेइतकं पाणी लांबवर असतं, आणि नंतरची सगळी दुपार पाणी किनाऱ्याकडे येत असतं. भांग नुकता होऊन गेलेला, म्हणून ओढही बेताची. वारा किनाऱ्याकडे आणि पाणीही किनाऱ्याकडे, असे दिवस पंधरवड्यात तीनच मिळतात. सुट्टी त्यांच्यावर बेतावी.

हा हिशोब अंदाजाचा. प्रत्यक्ष वेळ आणि उंची भारतीय सर्वेक्षण विभागाच्या मुरगाव बंदराच्या कोष्टकावरून बघा. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, तेही तिथेच कळतं. आणि एक लक्षात असू द्या : समुद्रातली ओहोटी संपली तरी नदीच्या मुखातून पाणी आणखी काही वेळ बाहेर येत राहतं. कोष्टकात भरती सुरू झाली म्हणून मुख लगेच शांत होत नाही.

---

ससेक्सवासी

वाचून फार बरं वाटलं. मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅम्बर सँड्सला काईट उडवतो. तिथे उधाणाला पाण्याचा चढउतार सहा-सात मीटर होतो. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की काईट आणि बोर्ड घेऊन ओल्या वाळूवरून चालत राहावं लागतं. भरती सुरू झाली की पाणी समोरून येतंच, पण त्याआधी वाळूतल्या सखल चरांमधून बाजूने पुढे सरकतं आणि तुमच्या पाठीमागे भरतं. तुम्ही कोरड्या वाळूवर उभे आणि किनाऱ्याच्या वाटेवर पाणी. म्हणून तिथे काईटवाले ओहोटीच्या वेळेचा नाही तर परत फिरायच्या वेळेचा गजर लावतात.

गोव्यात चढउतार दोनेक मीटरचाच ना? मग भीती कमी असायला हवी असं वाटत होतं. नदीचं मुख हा वेगळाच भाग आहे, हे तुमच्या लेखामुळे कळलं.

---

वायव्य

हो, गोव्यात उधाणाला साधारण दोन मीटर. किनारपट्टीने उत्तरेकडे जाल तसा चढउतार वाढतो. मुंबईत चार-पाच मीटर, खंभातच्या आखातात दहाच्याही वर. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, उत्तरेकडे मागाहून. त्यामुळे मोरजीला पुळणीवर कोंडलं जाण्याची भीती कॅम्बरइतकी नाही. पण नदीच्या मुखाशी दोन मीटर म्हणजे थोडं नव्हे. मागे सगळी खाडी भरलेली असते आणि ते पाणी सहा तासांत एका अरुंद तोंडातून बाहेर पडायचं असतं.

---

मनस्वी०७

मी थोडा वेगळा विचार मांडते. मी मोरजीला मुखाजवळच जाते आणि मला पौर्णिमेची दुपारच आवडते. चार-साडेचारनंतर वाळूचा दांडा उघडा पडतो, लाटा त्याच्यावर फुटतात आणि आतल्या बाजूला काचेसारखं सपाट पाणी मिळतं. उड्या शिकायला त्याहून चांगली जागा उभ्या किनाऱ्यावर नाही. सगळ्यांना सरसकट 'त्या दिवशी येऊ नका' सांगणं मला पटलं नाही.

---

वायव्य

मनस्वी, ज्याला वाऱ्यावर हवं तिथे परत येता येतं त्याच्यासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. दांड्याआडचं ते सपाट पाणी मीही जिवापाड जपतो. माझा आक्षेप शिकणाऱ्यांपुरता आहे. तुम्ही तिथे जाता तेव्हा किनाऱ्यावर कुणीतरी तुमच्याकडे बघत असतं, बोटीची सोय असते, आणि वारा पडला तर काय करायचं ते तुम्हाला ठाऊक असतं. पहिल्यांदा बोर्डवर उभं राहणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

आणखी एक. मुखाशी ओहोटीचं पाणी वाऱ्याच्या तोंडावर चाललेलं असतं. त्यामुळे दोन गोष्टी होतात. लाटा आखूड आणि उभ्या होतात. आणि पाणी तुम्हाला वाऱ्याकडे नेत असल्यामुळे काईटला वारा असतो त्यापेक्षा जास्त लागतो, वर चढणं सोपं वाटतं. शिकणाऱ्याला वाटतं, आज आपल्याला जमलं. प्रत्यक्षात त्याला नदी वर चढवत असते, आणि त्याच वेळी बाहेरही नेत असते. याच्या उलट भरतीला पाणी वाऱ्याबरोबर आत जातं, काईट मऊ वाटतं, आणि तुम्ही पटकन खाली, मुखाच्या आत सरकता. किल्ल्याच्या बाजूच्या खडकांकडे किंवा शापोऱ्याच्या मच्छीमार होड्यांच्या वाटेत जायचं नाही, हे तर सगळ्यांनाच लागू.

---

देवबागकर

मनस्वीताई, दांड्यावर उभं राहायचं तर पाठीमागच्या धारेवर नजर हवी. भरती सुरू झाली की दांडा आणि किनारा यांच्यातली धार आधी भरते. हे ससेक्सवासींच्या चरांसारखंच.

आणि धार ओळखायची कशी, तर लाटांकडे बघून. जिथे पांढरा फेस सतत फुटतोय तिथे खाली वाळू वर आलेली आहे, म्हणजे दांडा. दोन फेसांच्या मध्ये जो गुळगुळीत, काळसर पट्टा दिसतो, लाट फुटतच नाही, तिथे पाणी खोल आणि ओढ बाहेरची. नवखा माणूस पाण्यात शिरायला नेमकी तीच शांत जागा निवडतो. आमच्याकडची पोरं लहानपणापासून त्या पट्ट्यापासून लांब राहायला शिकतात. पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटं उंचावर उभं राहून नुसतं बघा. तरंगत जाणारा कचरा, पालापाचोळा कुठल्या दिशेला जातोय ते बघा.

शिवाय दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो. पावसाळी लाटा पुळणीची वाळू खरवडून आत समुद्रात नेतात आणि दिवाळीनंतर ती हळूहळू परत येते. मागच्या वर्षीच्या व्हिडिओवरून यंदाचा दांडा शोधायला जाऊ नका.

---

डेनहागनिवासी

अगदी असाच धडा इथे आम्हाला एका मानवनिर्मित दांड्याने दिला. हेगजवळ 'झांडमोटर' म्हणून २०११ साली २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू किनाऱ्याला टाकली. कल्पना अशी की लाटा, वारा आणि प्रवाह ती वाळू आपणहून किनाऱ्यावर पसरवतील आणि दरवर्षी वाळू ओतायची गरज कमी होईल. त्या हुकासारख्या वळलेल्या भूशिरामागे खारं तळं तयार झालं आणि काईटवाल्यांची तिथे झुंबड उडाली. सपाट, उथळ पाणी. पण त्या तळ्याचं तोंड दरवर्षी सरकत आणि लांबत गेलं, आणि त्यातून भरती-ओहोटीचं पाणी जोरात आत-बाहेर करतं. आमच्याकडेही चढउतार दोन मीटरच्या आतच. म्हणजे आकडा छोटा म्हणून ओढ छोटी, असं नाही.

फरक वाऱ्याचा. उत्तर समुद्रावर वारा कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर येतो, रात्री-पहाटे कधीही, २५ नॉटही. तुमच्या दुपारच्या घड्याळी वाऱ्याचा मला खरंच हेवा वाटतो.

एक शंका. पाऊणपटीचा हिशोब मी इथे लावून बघितला, जुळत नाही.

---

देवबागकर

जुळणार नाही. प्रत्येक बंदराला चंद्र माथ्यावर आल्यापासून भरती यायला लागणारा वेळ वेगळा. पाऊणपट आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यापुरती.

---

अभिजीत_ठाणे

छान चर्चा. मी सामानाबद्दल विचारतो. माझं वजन ७८ किलो. एक १२ मीटरचं काईट आहे, ट्विनटिप (दोन्ही टोकं सारखी असलेला) बोर्ड आहे. गोव्यात पुरेल का? शिवाय मित्र म्हणतो की हलक्या वाऱ्याला फॉइल (खाली दांडा आणि पंख लावलेला बोर्ड) घे, ८-९ नॉटमध्येही तरंगतो.

---

वायव्य

अभिजीत, १४-१५ नॉटच्या दिवशी १२ चौरस मीटर पुरेल. पण मोरजीला कित्येक दुपारी ११-१२ नॉटच असतात, तेव्हा १४ ते १७ चं काईट किंवा मोठा, सपाट बोर्ड लागतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १० चे १४ झाले तर ओढ जवळजवळ दुप्पट. म्हणून मोठं काईट घेऊन गेलात आणि चारनंतर वारा भरला, तर उतरून घ्यायची तयारी ठेवा.

फॉइलबद्दल मात्र सांभाळून. फॉइलचा दांडा ७५-९० सेंटिमीटरचा, त्याखाली पंख. ओहोटीला मोरजीच्या उथळ पाण्यात तो वाळूत रुततो आणि तुम्ही वेगात पुढे फेकले जाता. फॉइलवाल्याचे दिवस शिकणाऱ्याच्या उलट : पाणी चढलेलं हवं. चतुर्थी-पंचमीला, किनाऱ्यापासून दूर, अनुभव असेल तर. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ ला पहिल्यांदा काईटच्या शर्यती झाल्या, सगळे फॉइलवर. पण त्या झाल्या मार्सेयला, भूमध्य समुद्रात, जिथे भरती-ओहोटी जवळपास जाणवतच नाही. ते बघून आपल्याकडे फॉइल घेऊन येणाऱ्यांच्या डोक्यात तळाचा विचारच नसतो.

वाळूबद्दलही थोडं. काईट फुगवल्यावर पुढची फुगीर कड वाऱ्याकडे आणि पोट खाली करून पालथं ठेवा, आणि मधोमध ओली वाळू टाका. चार ओंजळी कमी पडतात, भरपूर टाका. कोरडी वाळू उडून जाते आणि वाऱ्याच्या एका झोताने काईट पुळणभर धावतं. समोर लहान मूल असेल तर काय होईल याची कल्पना करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : काईटपासून सुटका करणारी, छातीजवळची सुटका-कळ. तिच्यात वाळू जाऊन बसते. दरवेळी पाण्यात जाण्याआधी ती किनाऱ्यावर एकदा दाबून, सुटते का बघून, पाण्याने धुऊन परत बसवा. एका मिनिटाचं काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

---

कुरव

मी काईट उडवत नाही, पक्षी बघतो. हिवाळ्यात मोरजीला शापोऱ्याच्या मुखाशी वाळूवर कुरव आणि चिखल्यांचे मोठे थवे उतरतात. फार लांबून आलेले असतात. भरतीला दांड्याचा जेवढा भाग कोरडा उरतो तेवढ्यातच ते दाटीवाटीने विसावतात. वरून काईट गेलं की त्यांना ते मोठ्या शिकारी पक्ष्यासारखं दिसतं आणि सगळा थवा उठतो. दिवसात चार-पाचदा उठावं लागलं तर त्यांचं खाणं आणि विश्रांती दोन्ही बुडतं. म्हणून विनंती, पाणी चढलेलं असताना दांड्याच्या टोकाकडे जाऊ नका.

दुसरी गोष्ट कासवांची. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मोरजीला अंडी घालायला येतात आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत निघतात. म्हणजे काईटचा हंगाम आणि कासवांचा हंगाम एकच. वन खातं घरट्यांभोवती कुंपण घालतं. त्या भागात काईट पसरणं, दोऱ्या टाकणं, पंप लावणं अजिबात नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. आणि अंधार पडल्यावर सामान आवरताना डोक्यावरच्या विजेऱ्या समुद्राच्या बाजूने फिरवू नका. पिल्लं उजेडाच्या मागे भलतीकडे जातात.

---

मनस्वी०७

कुरव, पक्ष्यांचं हे मला माहीत नव्हतं. आमच्या गटात आजच टाकते. ओहोटीला दांडा मोठा असतो तेव्हा टोकापासून किती लांब राहावं?

---

कुरव

आकडा नको, पक्ष्यांकडे बघा. बसलेले पक्षी माना वर करून एकाच दिशेला चालायला लागले की तुम्ही फार जवळ आलात. तिथून मागे वळलात तर ते उडत नाहीत.

---

आईच्या_नजरेतून

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे, पोहायला उत्तम येतं, आता हट्ट धरून बसला आहे. वाचून थोडी धास्ती वाटली. त्याला पाठवावं का? काईट शिकवणाऱ्या शाळेला काय काय विचारू?

---

वायव्य

ताई, पाठवा. चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली हा खेळ फार सुंदर आहे, आणि पंधराव्या वर्षी शिकलेलं अंगात मुरतं. फक्त पैसे भरण्याआधी समोरासमोर बसून विचारा. शिकवताना किनाऱ्यावर किंवा पाण्यात बोट तयार असते का. मुलगा मुखाकडे सरकला तर त्याला कुठल्या जागेच्या पुढे जाऊ देत नाहीत. हेल्मेट आणि तरंगतं जाकीट देतात का. वारा पडला तर दोऱ्या गुंडाळून काईटवर झोपून परत यायचं कसं, हे कितव्या दिवशी शिकवतात. याचं उत्तर 'पुढे बघू' आलं तर दुसरी शाळा शोधा. आणि शेवटचा प्रश्न : त्या आठवड्यात ओहोटी किती वाजता आहे? जो शिक्षक हे फोन न बघता सांगतो त्याच्याकडे मुलगा निर्धास्त सोपवा.

सकाळी कुणी शिकवायला तयार असेल तर नाही म्हणा. सकाळचा वारा जमिनीकडून बाहेर जातो. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर तर विषयच नाही.

---

देवबागकर

एक राहिलं. रापण. पेडण्याच्या किनाऱ्यावर अजून रापण ओढतात. जाळं समुद्रात अर्धगोल टाकलेलं असतं आणि दोन्ही बाजूंचे दोर पुळणीवर. दोर पाण्याखाली असतात, लांबून दिसत नाहीत. पुळणीवर माणसांच्या दोन ओळी अंतर ठेवून ओढताना दिसल्या की त्यांच्या मधल्या पाण्यात जायचं नाही. पंचवीस मीटरच्या दोऱ्या रापणीच्या दोरात अडकल्या तर तुमचं काईट जाईल, पण त्यांचा दिवस आणि जाळं दोन्ही जाईल. त्यांचं पोट त्याच्यावर आहे. आधी जाऊन 'कधी ओढून होणार' विचारलं तर नीट सांगतात, वर आज पाणी कसं आहे तेही सांगतात.

---

ससेक्सवासी

हे कॅम्बरला नाही. तिथे काईटवाल्यांना पोहणाऱ्यांपासून वेगळं, पूर्वेकडे ब्रूमहिलच्या बाजूला ठेवलं आहे, त्यामुळे भांडणं कमी. मोरजीत असं काही ठरवता आलं तर?

---

वायव्य

व्हायला हवं. तेंबवाड्याचं कासवांचं क्षेत्र, रापणीचा पट्टा, पोहणाऱ्यांसाठी जीवरक्षकांनी लावलेली लाल-पिवळी निशाणं, हे सगळं आधी वगळून उरलेला तुकडा काईटला द्यावा, आणि तो पंचायत, वन खातं, रापणकार आणि काईट शाळांनी एकत्र बसून ठरवावा. तोपर्यंत निदान आपण आपल्यापुरता नियम पाळू : काईटच्या दोऱ्यांच्या दुप्पट अंतर माणसांपासून, माडांपासून आणि शॅकपासून. आणि एकट्याने कधीच नाही. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक साठवून किनाऱ्यावरच्या सोबत्याकडे फोन द्या.

---

सायलीपुणे

तुमच्या हिशोबाप्रमाणे आम्ही तिघी माघ वद्य दशमी ते द्वादशी असं ठरवतोय. दशमीला नेमकं किती वाजता काय करायचं, एकदा सांगाल का? म्हणजे बाकीच्या दोन दिवसांचं आम्ही बसवू.

---

वायव्य

छान निवड. बारापर्यंत मोरजीला पोचा, पण पाण्याकडे घाई करू नका. साडेबारा-एकला ओहोटी तळाला येत असते, तेव्हा पुळण चालून या. दांडे, धारा, आश्वेकडचे खडक सगळं उघडं दिसेल, मनात ठेवा. चारनंतर ते पाण्याखाली असतील. चालताना अनवाणी नको, शिंपल्यांनी तळवे चिरतात. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घसटत चाला, म्हणजे वाळूत बसलेला पाकट (शेपटीला काटा असलेला मासा) आधीच सरकून जातो.

मग समुद्राकडे बघत बसा. खारा वारा येताना आधी दूरवर पाण्यावर गडद रेघ दिसते. ती किनाऱ्याकडे सरकते आणि पाच-दहा मिनिटांत माडांची टोकं वळतात. त्यानंतरही अर्धा तास थांबा, वारा पश्चिमेकडून वायव्येला बसू द्या. अडीच-पावणेतीनला काईट वर घ्या. सुरुवात शक्य तितकी उत्तरेकडून, आश्वेच्या बाजूने करा, म्हणजे खाली सरकायला जागा मिळेल. डावीकडे एक खूण ठरवा, एखादा शॅक, एखादं झाड, तिघींची एकच. ती समोर आली की उतरायचं, बोर्ड काखेत घ्यायचा आणि काईट डोक्यावर ठेवून वाळूवरून परत वर चालत यायचं. या चालण्याचा कंटाळा करू नका, सगळे असेच शिकले आहेत. साडेपाचला पुळण अरुंद व्हायला लागेल, तेव्हा काईट खाली.

---

देवबागकर

सायलीताई, पंचांगात तिथी किती वाजता बदलते ते बघून घ्या. दशमी दुपारी संपत असेल तर हिशोब एकादशीच्या बाजूला झुकतो. आणि निघण्याआधी मुरगावचं कोष्टक एकदा उघडाच.

---

सायलीपुणे

बघितलं. मुरगावला त्या दिवशी ओहोटी दोनच्या जरा आधी दिसतेय. तिघींची तिकिटं काढली.